काट्यांची दोरी

दोरीला काटे आहेत हे आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मी पाहत होते तो तिच्या अंगावरचा झगा. गुडघ्यांवर बसलेली एक बाई, अंगात पायघोळ सैल वस्त्र आणि त्या वस्त्रभर शंकरपाळ्यांची नक्षी. प्रत्येक शंकरपाळ्याच्या पोटात आणखी एक बारीक नमुना, कडेला वेगळा काठ, खाली झालर. दगड आहे हे विसरून बोट लावून पोत बघावासा वाटला. शहापुरात साड्या बघत वाढलेल्या बाईचं असंच होतं, आधी काठपदर आणि मग बाकीचं जग.

मग नजर वर गेली. तिच्या दोन्ही हातांत एक जाड दोरी होती. ती दोरी तिच्या जिभेतून ओवलेली होती आणि तिला ठरावीक अंतरावर काटे बांधलेले होते. गालावर, ओठांभोवती ठिपक्यांच्या वेलबुट्टीसारखं काहीतरी होतं. मला ते गोंदण वाटलं. ते रक्त होतं. दोरीचं दुसरं टोक तिच्यापुढच्या टोपलीत पडलं होतं आणि टोपलीत रक्त टिपलेले कागद होते.

मी दोन पावलं मागे सरकले.

हे घडलं लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. बाळ सात-आठ दिवसांचं झालं होतं, जावई घरी होते, लेक म्हणाली, ‘आई, तू जरा बाहेर पडून ये, घरात बसून कंटाळलीस.’ सोयर चालू होतं. तिथे जिनमंदिर आहे, पण सोयरात दर्शन नाही हे इतकं अंगात मुरलेलं की कोणी विचारणारं नसतानाही मी गेले नाही. म्युझियमला मात्र सोयर लागत नाही. तिथे गेले आणि देवाला जिभेचं रक्त वाहणारी राणी पुढ्यात येऊन बसली. त्या दिवसात माझ्या मनात बाळंतिणीचं रक्त, दुपट्यांचं धुणं, तेलपाणी एवढंच होतं. त्यामुळे हे चित्र जास्तच लागलं असावं.

परत आल्यावर त्या बाईच्या मागे लागले. मिळेल ते वाचलं, जावयाकडून पुस्तकं मागवली. तेच आता सांगते.

ती शिळा याश्चिलान या गावची. मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापास नावाचा प्रांत आहे. तिथे उसुमासिंता नावाची मोठी नदी घोड्याच्या नालासारखं वळण घेते आणि त्या वळणाच्या पोटात, जंगलात, हे माया लोकांचं नगर वसलेलं होतं. माया हे त्या लोकांचं नाव, आपल्या मायेशी त्याचा संबंध नाही. आजही तिथे होडीने जावं लागतं. नदीकाठी मोठं पटांगण, मागे टेकडीच्या उतारावर एकावर एक ओटे, त्यांवर चुनखडी दगडाच्या इमारती. कमान त्यांना आपल्यासारखी बांधता येत नव्हती. दोन्ही बाजूंनी एकेक दगड थोडा पुढे सरकवत नेऊन वर मिळवायचा, असं छप्पर. त्यामुळे आतल्या खोल्या अरुंद, बोळासारख्या. पण छतावर जाळीदार उंच भिंत उभी करायची, तिच्यावर चुन्याच्या गिलाव्यात मूर्ती घडवायच्या आणि रंग द्यायचा. आज आपण पांढुरके-करडे दगड बघतो. तेव्हा सगळं नगर लाल-निळं झगमगत असणार.

हे सगळं त्यांनी धातूच्या हत्याराशिवाय केलं. लोखंडाची छिन्नी नाही, ओझ्याला बैल नाही, गाडीला चाक नाही. दगडाने दगड कोरायचा.

याश्चिलानची खरी दौलत म्हणजे दारांवरच्या आडव्या शिळा. आपले गवंडी ज्याला लिंटल म्हणतात तीच. अशा पन्नासहून अधिक कोरीव शिळा तिथे सापडल्या. आपल्याकडे देवळाच्या दारावर जे कोरायचं ते दर्शनी बाजूला कोरतात, येणाऱ्याला लांबूनच दिसतं. याश्चिलानला चित्र कोरलं आहे ते शिळेच्या खालच्या अंगाला. म्हणजे दारात येऊन, उंबऱ्यावर उभं राहून, मान मागे टाकून वर बघाल तरच ते दिसणार. चौकातल्या गर्दीला त्यातलं काही दिसत नाही. ज्याला आत जायची मुभा आहे त्याच्याच डोक्यावर ते येतं. म्युझियमवाल्यांनी त्या शिळा भिंतीला फोटोसारख्या उभ्या लावल्या आहेत, त्याशिवाय त्यांना तरी काय करता येणार. पण मी पुस्तकात हे वाचलं तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मान वर करून बघितलं. मान दुखते.

आता त्या बाईविषयी. तिचं नाव काबाल शोक. आपल्या कानाला शोक म्हणजे दुःख, मायांच्या भाषेत शोक म्हणजे शार्क मासा. तिच्या नवऱ्याचं नाव इत्झामनाह बालाम. बालाम म्हणजे जग्वार, गाण्यातला बालम नव्हे. या नावाचा हा तिसरा राजा. ६८१ साली गादीवर बसला आणि ७४२ पर्यंत, म्हणजे एकसष्ट वर्षं, राज्य करून वारला. त्याच्या अनेक राण्यांपैकी काबाल शोक ही मोठ्या मानाची. चौकाच्या काठावर, अगदी मोक्याच्या जागी, तिच्या नावाने एक इमारत उभी राहिली. पुरातत्त्ववाले तिला रुक्षपणे ‘इमारत क्रमांक २३’ म्हणतात. ७२६ साली तिचा वास्तुविधी झाला. मायांची रीत अशी की नव्या वास्तूत अग्नी नेऊन तिला जागी करायची. तिथल्या लेखात त्या वास्तूला तिचं घर म्हटलं आहे. राजाचं घर म्हटलेलं नाही. तिचं.

हे वाचून मी आमच्या फाटकावरची पाटी आठवली. तुमच्याही आठवा.

त्या घराला चौकाकडे तीन दारं आणि तिन्ही दारांवर तिची चित्रं. पहिल्या दारावर काट्यांची दोरी, लंडनला मी पाहिली ती. माया लोक तारखांच्या बाबतीत इतके काटेकोर की आज त्या प्रसंगाचा दिवससुद्धा सांगता येतो, २८ ऑक्टोबर ७०९. राजा तिच्या बाजूला पेटती मशाल घेऊन उभा आहे. त्याच्या शिरोभूषणावर बळी दिलेल्या माणसाचं सुकवलेलं मुंडकं बांधलं आहे. तिच्या झग्यावर जीव जडला होता म्हणून मला ते कितीतरी वेळ दिसलंच नाही.

मधल्या दारावर ती एकटीच आहे. हातात रक्ताळल्या कागदांचं भांडं. तिच्यापुढे एक प्रचंड सर्प उभा राहिला आहे, त्याने जबडा वासला आहे आणि जबड्यातून भाला घेतलेला एक योद्धा बाहेर येतो आहे. हा घराण्याचा मूळपुरुष असावा असं मानतात. रक्ताने भिजलेले कागद जाळायचे आणि धुरातून पूर्वजाचं दर्शन घ्यायचं असा तो विधी. ती मान वर करून त्याच्याकडे बघते आहे. खाली दारात उभ्या असलेल्या माणसाचीही मान त्या वेळी अगदी तशीच वर झालेली असणार. या शिळेवरचा लेख उलटा कोरला आहे, आरशात बघावा तसा. पलीकडच्या जगातून जो बघतो त्याला तो सुलटा दिसावा अशी कल्पना असेल, असं काहींना वाटतं. मला पटलं. रांगोळीत नाव काढताना आपण नाही का विचार करत, येणाऱ्याला सुलटं दिसावं की घरातल्याला?

तिसऱ्या दारावर राजा लढाईला निघाला आहे आणि ती त्याला शस्त्रं-चिलखत देते आहे. तिच्या हातात जग्वारच्या तोंडाचा टोप आहे.

आज ही तिन्ही दारं मुकी आहेत. त्याची हकिगत अशी. मार्च १८८२ मध्ये आल्फ्रेड मॉडस्ले नावाचा इंग्रज तिथे पोचला. दोन-चार दिवसांत पाठोपाठ देझिरे शार्ने नावाचा फ्रेंच माणूस आला. आपल्या आधी कोणी तरी येऊन मुक्काम ठोकलाय हे बघून शार्नेचा चेहरा पडला. मॉडस्ले म्हणाला, मी आपला हौशी माणूस, शोधाचं श्रेय तुम्हीच घ्या. शार्नेने ते घेतलं आणि आपल्या मोहिमेला पैसे पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या लोरिलार्ड नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचं नाव त्या नगराला देऊन टाकलं. सुदैवाने ते टिकलं नाही. याश्चिलान हे नावही पुढे टेओबर्ट मालर या संशोधकाने दिलेलं, तिथले लोक आपल्या नगराला ‘दुभंगलेलं आकाश’ अशा अर्थाचं नाव लावत. मॉडस्लेने शिळा काढल्या, जड दगड नेता यावा म्हणून मागची बाजू तासून पातळ केला आणि विलायतेला पाठवल्या. काट्यांची दोरी आणि सर्प लंडनला आले. जग्वारचा टोप मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एका बाईच्या घराची तीन दारं, दोन देशांत वाटली गेली.

त्याच १८८२ साली मेक्सिको आणि ग्वाटेमाला यांच्यात सीमेचा करार झाला. उसुमासिंता नदी हद्दीत आली, अलीकडचा काठ मेक्सिकोचा आणि पलीकडचा ग्वाटेमालाचा. एकाच भाषेची, एकाच रक्ताची माणसं दोन्हीकडे. सीमा म्हटली की आम्हा बेळगावकरांचे कान आपोआप टवकारतात, म्हणून हे इथे लिहिलं. पुढे जाते.

आता खरं तर मला जिच्याबद्दल सांगायचं आहे ती दुसरी बाई. या राणीचं नाव, तिच्या तारखा, हे सगळं आज आपल्याला कळतं ते कोणामुळे? शंभर वर्षांपूर्वी असं मानत की माया लेखांत फक्त तारखा आणि ग्रहतारे आहेत. एरिक थॉम्पसन, सिल्व्हेनस मॉर्ली असे मोठमोठे विद्वान सांगत की हे लोक शांत, आकाशाकडे डोळे लावून बसलेले, त्यांना राजेरजवाडे दगडावर कोरायची हौस नव्हती. आणि झगा घातलेल्या आकृती दिसल्या की त्यांना पुजारी समजून पुढे जायचं.

तात्याना प्रोस्कुरियाकोव्ह सायबेरियातल्या तोम्स्क गावी १९०९ साली जन्मली. लहानपणी आई-वडिलांबरोबर अमेरिकेत आली. १९३० साली वास्तुशास्त्राची पदवी घेतली, आणि तेव्हा तिकडे अशी मंदी की वास्तुविशारदांना कोणी विचारेना. मग ही भरतकामाचे नमुने काढून देण्याचं काम करू लागली. तिचं रेखाटन बघून संग्रहालयातल्या लोकांनी तिला १९३६ साली पिएद्रास नेग्रास या माया नगरात नकाशे काढायला नेलं. हे नगर त्याच उसुमासिंतेच्या खालच्या अंगाला. पुढे आयुष्यभर ती त्यातच राहिली.

तिने काय केलं ते फार साधं आहे, आणि साध्या गोष्टी सुचायलाच वेळ लागतो. पिएद्रास नेग्रासचे उभे शिलास्तंभ गटागटाने लावलेले होते. तिने प्रत्येक गटातल्या तारखा मांडल्या. एका गटातलं अंतर माणसाच्या आयुष्यापेक्षा कधी जास्त भरेना. मग हे ग्रहतारे कसे? ही माणसं आहेत. एक चिन्ह जन्माचं आहे. दुसरं, दात दुखत असल्यासारखं गालाला फडकं बांधलेलं, ते गादीवर बसण्याचं आहे. हा लेख १९६० साली छापून आला. थॉम्पसनसारख्या माणसाला कबूल करावं लागलं की बाई बरोबर आहेत. १९६३ आणि ६४ मध्ये तिने याश्चिलानच्या राजांचा इतिहास असाच उलगडला. आणि त्याच्या मधे, १९६१ साली, माया शिल्पातल्या बायकांवर लिहिलं. झगेवाल्या आकृतींच्या नावाआधी एक छोटा चेहरा येतो, त्याच्या कपाळावर केसांची बट. तो चेहरा म्हणजे ‘श्रीमती’. ते पुजारी नव्हते, बायका होत्या.

एवढे शिकलेले पुरुष इतकी वर्षं त्या झग्याकडे बघत होते. भरतकामाचे नमुने काढलेल्या बाईला तो दिसला. मी काही पुरावा देऊ शकत नाही की सुईदोऱ्याच्या सवयीमुळेच तिला दिसला. पण मला तसं म्हणू द्या. चियापासच्या डोंगरातल्या माया बायका आजही कमरेला बांधायच्या मागावर कापड विणतात आणि त्यात शंकरपाळ्यांची नक्षी काढतात. काबाल शोकच्या झग्यावरची नक्षी त्यांना शिकवावी लागणार नाही. प्रोस्कुरियाकोव्ह १९८५ साली गेल्या. १९९८ मध्ये त्यांच्या अस्थी पिएद्रास नेग्रासला नेऊन पुरल्या.

इथपर्यंत सगळं छान. पण काट्यांचं काय करायचं?

दोरीच्या शिळेवरच्या लेखात त्या विधीसाठी जो शब्द आहे त्याचं इंग्रजी भाषांतर ‘पेनन्स’ असं करतात. मराठीत मी काय म्हणू? प्रायश्चित्त? तप? आपल्याकडे तर प्रायश्चित्त हेही सहा अंतरंग तपांतलं पहिलं. म्हणजे राणी तप करते आहे असं लिहावं लागेल, आणि ते लिहिताना माझा हात अडखळतो. जीवाला इजा करायची नाही, मग तो जीव आपला स्वतःचा का असेना, हे आपण शिकलो. रक्त वाहणं हा धर्म होऊ शकत नाही. हे झालं शिकलेलं. आता पाहिलेलं सांगते. मी नऊ-दहा वर्षांची असताना एका आर्यिका माताजींचा केशलोच पाहिला होता. राख लावून चिमटीने केस उपटत होत्या, चेहऱ्यावर रेष नव्हती. टाळूवर बारीक लाल ठिपके आले होते. सगळ्या बायका जयजयकार करत होत्या आणि मी आईच्या पदरात तोंड खुपसलं होतं. माझ्या मावशीने दशलक्षणात दहा उपवास केले तेव्हा सातव्या दिवशी तिची जीभ टाळूला चिकटली होती, तिला शब्द उच्चारता येत नव्हता. पारण्याला मिरवणूक निघाली, पत्रिका छापल्या. पत्रिकेवर काकांचं नाव ठळक होतं आणि खाली ‘यांच्या सुविद्य पत्नी’.

लंडनमध्ये शिळेपुढे उभी असताना पहिल्यांदा आठवली ती मावशीची जीभ.

फरक आहे, मला कळतो. माताजी केस उपटतात ते देहाचा मोह सुटावा म्हणून, त्यांना त्या बदल्यात काही नको असतं. काबाल शोकला पूर्वजाचं दर्शन हवं होतं आणि त्या दर्शनाने नवऱ्याची गादी पक्की व्हायला हवी होती. फळ मागून केलेलं तप म्हणजे निदान, आणि निदान हे आपल्या तीन शल्यांतलं एक. शल्य म्हणजे काटाच. तिसऱ्या दारावरच्या टोपाकडे बघितलं की त्या रक्ताचा रस्ता कुठे जातो ते दिसतं. लढाई, कैदी, मुंडकी. तिथे मी तिच्या बाजूने उभी राहू शकत नाही.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आमच्या घरात बाईच्या रक्ताला चार दिवस बाजूला बसायची जागा होती. बस्तीची पायरी नाही, लोणच्याच्या बरणीला हात नाही. बाळंतिणीला तर किती दिवस. मी स्वतः हे पाळलं, लेकीला पाळायला लावलं, आणि लंडनला तिच्या घरातही माझ्या मनाशी मोजत होते. आणि इकडे कोण कुठली एक बाई, तिचं रक्त भांड्यात धरून देवापुढे नेतात, दगडात कोरतात, दारावर लावतात. ती पद्धत मला नको. आमची पद्धत मात्र मला हवी आहे का, हे मी त्या दिवसापर्यंत स्वतःला विचारलं नव्हतं. लेकीने फोनवर विचारलं, ‘काय बघितलंस?’ मी म्हटलं, ‘कापड.’

राणीचं पुढे काय झालं? ती नवऱ्यानंतर सात वर्षं जगली, ७४९ साली गेली. तिचा मुलगा गादीवर आला नाही. दहा वर्षं गादी रिकामी होती की काही भानगड चालली होती, त्या काळाबद्दल दगड गप्प आहेत. ७५२ साली सवतीचा मुलगा, याशुन बालाम चौथा, राजा झाला. सवत दूरच्या काला्कमुलच्या बलाढ्य घराण्यातली. या मुलाने टेकडीवर आणि चौकात इमारतींचा सपाटा लावला, आपल्या आईचं मोठेपण कोरून घेतलं आणि स्वतःच्या राणीलाही जिभेत दोरी ओवायला बसवलं. तीही शिळा लंडनलाच आहे, काबाल शोकच्या जवळच. कोरीव काम तितकं बारीक नाही. थोरल्या सासूची सर आली नाही, असं म्हणून मी हसले, आणि मग त्या पोरीचा चेहरा बघून हसू गेलं.

याश्चिलानला कोरलेली शेवटची तारीख ८०८ सालची. तीही दारावरची शिळाच. तिच्यावर चित्र नाही, नुसती दाटीवाटीने कोरलेली अक्षरं. त्यानंतर नगर रानाने गिळलं. टेकडीवरच्या सगळ्यात भव्य इमारतीत एका राजाची बिनडोक्याची मूर्ती आहे. जंगलात राहणारे लाकांदोन लोक तिथे येऊन धूप जाळत. मुंडकं पुन्हा धडावर बसलं की जग बुडेल, असं ते सांगत.

एक राहिलं. हे सगळं वाचत असताना एका टिपेत मला बेळगावचं नाव दिसलं. आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती तुम्ही पाहिली असेल, छतातून उमललेलं दगडी कमळ, तेही मान वर केल्याशिवाय दिसत नाही. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, त्याचा मंत्री बीचिराज याने इथे रट्ट जिनालय बांधलं. त्याला राजाने दिलेल्या दानाचे १२०४ सालचे दोन कन्नड शिलालेख होते. लायोनेल बार्नेट यांनी ते वाचून प्रसिद्ध केले, तेव्हाच त्यांनी लिहिलं की दगड आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. म्हणजे ज्या वास्तूत मी परक्या बाईच्या दारापुढे तासभर उभी होते, तिच्याच ताब्यात माझ्या गावच्या बस्तीचे दगड होते. लहानपणापासून किल्ल्यात जाते आहे, मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

नातू आता दोन वर्षांचा झाला. मे महिन्यात पुन्हा जायचं आहे. म्युझियमला पत्र लिहून ठेवलं आहे, जावयाने इंग्रजी नीट करून दिलं. बेळगावचे दोन दगड बघायला मिळतील का, एवढंच विचारलं आहे. खाली सही करताना यांचं नाव न लावता नुसतं माझं आणि गावाचं लिहिलं.